फाइलचं नाव खिडकीवर कसं दिसावं? इनडिझाइन नव्याने शिकणाऱ्यांसाठी

इनडिझाइनमध्ये आठ-दहा फाइली एकदम उघड्या ठेवून काम करणं ही रोजचीच गोष्ट. मग वरच्या पट्टीवर 'पुस्तक_अंतर्भा…', 'पुस्तक_अंतर्भा…', 'पुस्तक_अंतर्भा…' असे तीन सारखेच टॅब दिसतात आणि आपण दुरुस्ती नेमकी कुठल्या फाइलीत करतोय तेच कळत नाही. नवीन माणूस पहिल्याच आठवड्यात विचारतो की या पट्टीवर काय दिसावं ते ठरवायची सेटिंग कुठे असते.

तशी सेटिंग नाही. टॅबवरचा मजकूर इनडिझाइन स्वतः जुळवतं. 'आधी फोल्डर दाखव, मग नाव, टक्के नकोत' असा साचा आपल्याला देता येत नाही. पण त्या मजकुरातला कुठला तुकडा कुठून येतो हे कळलं की निम्मं काम होतं. उरलेलं निम्मं टॅबच्या बाहेर करायचं असतं: पानाच्या कडेला, लिंक्सच्या यादीत आणि पीडीएफच्या खिडकीवर. यातलं पीडीएफचं काम सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे, म्हणून त्यावर पुढे जरा सविस्तर लिहिलं आहे.

मेनूंची नावं इथे देवनागरीत दिली आहेत, पडद्यावर ती इंग्रजीत दिसतील. आवृत्तीप्रमाणे एखादा पर्याय वर-खाली सरकलेला असू शकतो.

आधी टॅब वाचायला शिका

नवीन फाइल उघडली की टॅबवर 'अनटायटल्ड-१ @ ७५%' असं काहीतरी येतं. दुसरी उघडली की अनटायटल्ड-२. हे तात्पुरतं नाव आहे. डिस्कवर अजून काहीच गेलेलं नाही. सेव्ह केल्यावर तिथे तुम्ही दिलेलं नाव येतं, त्यामागे ठिपका आणि आयएनडीडी हे एक्स्टेन्शन, मग झूमचे टक्के.

नावाच्या आधी चांदणी दिसली, म्हणजे '*मुखपृष्ठ…' असं, तर शेवटच्या सेव्हनंतर काहीतरी बदललं आहे. फोटोशॉपमध्ये हीच चांदणी मजकुराच्या अगदी शेवटी येते आणि इलस्ट्रेटरमध्ये नाव संपल्यावर, टक्क्यांच्या आधी. तिन्ही कार्यक्रम एकत्र वापरणाऱ्याने हे लक्षात ठेवलेलं बरं. फोटोशॉपचा टॅब अरुंद झाला की शेवटची चांदणी कापली जाते आणि फाइल सेव्ह झाली आहे असा समज होतो.

नावाला चिकटून कधी कधी चौकटी कंसात एखादा शब्द येतो. तो शोभेचा नाही, वाचायचा असतो.

'कन्व्हर्टेड' दिसलं तर ही फाइल जुन्या आवृत्तीत बनलेली आहे आणि आत्ता फक्त स्मृतीत नव्या आवृत्तीत बदलून उघडली आहे. सेव्ह दाबलं की इनडिझाइन सेव्ह अॅजची चौकट पुढे करतं. त्या चौकटीत घाईने जुनंच नाव देऊन एन्टर मारू नका. जुनी फाइल पुसली जाते आणि जुनी आवृत्ती वापरणाऱ्या सहकाऱ्याला ती मग उघडत नाही. त्याच्यासाठी आयडीएमएल स्वरूपात (जुन्या आवृत्तीलाही वाचता येणाऱ्या) एक्स्पोर्ट करावं लागतं. नाव बदलून सेव्ह केलं की हा प्रश्न येत नाही.

'रिकव्हर्ड' दिसलं तर मागच्या वेळी कार्यक्रम बंद पडला होता आणि ही वाचवलेली प्रत आहे. अशी फाइल आधी वेगळ्या नावाने सेव्ह करा, चार पानं नजरेखालून घाला, मग मूळ फाइलीचं काय करायचं ते ठरवा.

'ओव्हरप्रिंट प्रिव्ह्यू', 'जीपीयू प्रिव्ह्यू' किंवा एखाद्या रंग-प्रोफाइलचं नाव दिसलं तर ते फाइलबद्दल नसून तुम्ही फाइल कशी पाहताय याबद्दल आहे. व्ह्यू मेनूतला प्रूफ कलर्स चालू राहिला की प्रोफाइलचं नाव वरच्या पट्टीवर येतं. रंग अचानक मळकट का दिसू लागले याचं उत्तर बरेचदा तिथेच लिहिलेलं असतं. हे शेपूट नको असेल तर तो प्रिव्ह्यू बंद करा. जीपीयूचा पर्याय प्रेफरन्सेसमध्ये जीपीयू परफॉर्मन्सखाली सापडतो; पण केवळ टॅबवरची जागा वाचवायला तो बंद करण्यात अर्थ नाही, झूम करताना लागणारा वेग त्यावर अवलंबून असतो.

राहिला विसर्गासारखा दिसणारा ':१', ':२' हा प्रकार. विंडो > अरेंज > न्यू विंडो केलं की त्याच फाइलची दुसरी खिडकी उघडते आणि दोन्हींच्या नावापुढे हे आकडे लागतात. फाइल एकच आहे, प्रती दोन नाहीत. एका खिडकीत अनुक्रमणिका आणि दुसरीत प्रकरण ठेवून काम करायला ही सोय उत्तम. एकीत केलेला बदल दुसरीत लगेच दिसतो आणि एक खिडकी बंद केल्याने फाइल बंद होत नाही.

टॅब हवेत की सुट्या खिडक्या?

टॅबची पद्धत इनडिझाइनमध्ये २००८ साली सीएस४ बरोबर आली. त्याआधी प्रत्येक फाइलला स्वतःची खिडकी आणि स्वतःची नावाची पट्टी असायची. पेजमेकरवर (मांडणीचा जुना कार्यक्रम) हात बसलेल्यांना अजूनही तेच सोयीचं वाटतं, आणि लांब नावांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं खरं आहे: सुट्या खिडकीच्या पट्टीवर नावाला पूर्ण रुंदी मिळते.

बदलायचं असेल तर प्रेफरन्सेस उघडा. विंडोजवर ते एडिट मेनूच्या तळाशी असतं, मॅकवर कार्यक्रमाच्या नावाच्या मेनूत. तिथे इंटरफेस या भागात 'ओपन डॉक्युमेंट्स अॅज टॅब्स' असा चौकोन आहे. त्यातली खूण काढली की यापुढे उघडणारी प्रत्येक फाइल सुटी उघडेल. आधीपासून उघड्या असलेल्या फाइली मात्र जिथल्या तिथे राहतात. त्यांना सुटं करायला विंडो > अरेंज > फ्लोट ऑल इन विंडोज. परत एकत्र करायला त्याच मेनूत कॉन्सॉलिडेट ऑल विंडोज. एकच फाइल बाहेर काढायची तर टॅब धरून खाली ओढा.

सुट्या खिडक्या ओढताना त्या एकमेकींना चिकटून पुन्हा टॅब होतात, हा नवख्यांचा नेहमीचा वैताग. त्यावर उपाय त्याच इंटरफेस भागात आहे: फ्लोटिंग डॉक्युमेंट विंडो डॉकिंगची खूण काढा.

माझं मत विचाराल तर पडदा एकच असेल तर टॅब, दोन असतील तर मुख्य फाइल टॅबमध्ये आणि संदर्भाची फाइल दुसऱ्या पडद्यावर सुटी. सगळ्या खिडक्या सुट्या ठेवल्या की पॅनेलांच्या मागे एखादी लपते आणि तीच नेमकी सेव्ह करायची राहते.

टॅब इतके झाले की पट्टीत मावेनासे झाले तर पट्टीच्या उजव्या टोकाला दुहेरी बाण येतो. त्यावर क्लिक केलं की यादी खुलते. विंडो मेनूच्या तळाशीही उघड्या फाइलींची यादी असते. टॅबवरची नावं तुटली असतील तर तिकडे बघायची सवय लावा.

नावाची पहिली दहा अक्षरं

टॅब अरुंद झाला की नाव शेपटाकडून कापलं जातं. म्हणून वेगळेपण सांगणारा तुकडा नावाच्या सुरुवातीला असला पाहिजे. बहुतेकजण नेमकं उलटं करतात: आधी प्रकल्पाचं नाव, मग वर्ष, मग विभाग, आणि शेवटी बिचारा प्रकरणाचा क्रमांक.

उदाहरण घ्या. 'पुस्तक_अंतर्भाग_प्रकरण_०७_दुरुस्ती_३' या नावाऐवजी '०७_प्रकरण_दु३_पुस्तक' असं नाव दिलं तर टॅब कितीही आक्रसला तरी '०७_प्र…' एवढं वाचता येतं. प्रकल्पाचं नाव फोल्डरला द्या, फाइलीला पुन्हा पुन्हा नको. क्रमांकात पुढचं शून्य ठेवा. ते नसेल तर बऱ्याच ठिकाणी १० हा आकडा २ च्या आधी लागतो. तारीख घालायचीच असेल तर वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे नावांचा क्रम आणि काळाचा क्रम एकच राहतो.

'अंतिम', 'अंतिम_खरं', 'अंतिम_नक्की_हीच' या परंपरेबद्दल काही बोलत नाही. ज्याला त्याला आपापले अनुभव असतात. दु१, दु२, दु३ असे आकडे ठेवले की भांडण मिटतं.

नाव देवनागरीत द्यावं का? देता येतं. आजच्या विंडोज आणि मॅकवर इनडिझाइन अशी फाइल उघडतं, टॅबवर नावही नीट दिसतं. पण दोन गोष्टी माहीत असू द्या. पहिली लांबीची. लिनक्सवरच्या नेहमीच्या ईएक्सटी४ प्रणालीत एका नावाला २५५ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह ३ बाइट घेतं. म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं, आणि त्यात काना, मात्रा, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात: 'प्रकरण' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण तो ६ चिन्हं आणि १८ बाइट खातो. विंडोजवर मोजणी वेगळी आहे, तिथे अडचण येते ती पूर्ण पत्त्याची. ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पत्ता २६० अक्षरांच्या पुढे गेला की जुन्या पद्धतीने लिहिलेले कार्यक्रम अडखळतात. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर करणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो.

दुसरी गोष्ट पाठवणुकीची. फाइल झिप करून कुणाकडे पाठवली आणि समोरचं झिप उघडणारं साधन जुनं असेल, तर देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हं आणि चौकोन निघतात. चित्रांची नावं अशी बिघडली की सगळ्या लिंक तुटतात. म्हणून फाइल स्वतःच्याच संगणकावर राहणार असेल तर देवनागरी, बाहेर जाणार असेल तर साधी रोमन अक्षरं, आकडे आणि अधोरेषा एवढंच, हा पक्का नियम ठेवा. तिरकी रेघ, अपूर्णविराम, चांदणी, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, कोनकंस आणि उभी रेघ विंडोज नावात घेतच नाही.

फाइल आधीच बुकमध्ये, म्हणजे अनेक फाइली एका पुस्तकात गुंफणाऱ्या यादीत, जोडलेली असेल तर एक्सप्लोररमध्ये जाऊन तिचं नाव बदलू नका. बुक पॅनेल जुन्याच नावाने शोधत राहतं आणि तिथे फाइल हरवल्याची खूण येते. तसं झालंच तर पॅनेलच्या मेनूत रिप्लेस डॉक्युमेंट वापरून नव्या नावाची फाइल दाखवा.

पूर्ण पत्ता पानाच्या कडेला

टॅबवर फोल्डर दाखवता येत नाही, पण डॉक्युमेंटच्या खिडकीत, पानाच्या अगदी शेजारी, दाखवता येतो. यासाठी दोन सोयी एकत्र वापरायच्या: स्लग आणि टेक्स्ट व्हेरिएबल. टेक्स्ट व्हेरिएबल म्हणजे फाइलचं नाव, तारीख असा आपोआप बदलणारा मजकूर. स्लग म्हणजे पानाच्या बाहेर, ब्लीडच्याही (कापणीसाठी कडेबाहेर वाढवलेल्या भागाच्या) पलीकडे राखलेली जागा. छपाईनंतर ती कापून जाते, त्यामुळे तिथे काहीही लिहिलं तरी वाचकापर्यंत पोचत नाही.

१. फाइल > डॉक्युमेंट सेटअप उघडा आणि ब्लीड अँड स्लग हा भाग खोला. स्लगच्या ओळीत फक्त खालच्या बाजूला १० मिमी द्या. चारही बाजूंना सारखाच आकडा भरला जात असेल तर शेजारची साखळी सोडवा. ओके केलं की पानाखाली निळसर रेघेची एक पट्टी दिसेल. लाल रेघ ब्लीडची असते, तिच्याशी गल्लत नको.

२. पेजेस पॅनेलमध्ये वरच्या भागातल्या पॅरेंट पानावर (यावर ठेवलेलं सगळ्या पानांवर उमटतं) डबल क्लिक करा. २०२२ च्या आवृत्तीआधी यालाच मास्टर पेज म्हणत; जुन्या व्हिडिओंत तेच नाव ऐकू येईल.

३. स्लगच्या पट्टीत एक टेक्स्ट फ्रेम काढा. लांबलचक काढा, पानाच्या जवळपास पूर्ण रुंदीची. समोरासमोरची पानं असतील तर डावीकडच्या एकाच पानाखाली पुरे.

४. टाइप > टेक्स्ट व्हेरिएबल्स > डिफाइन. यादीत फाइल नेम तयार असतं, पण त्याला हात न लावता न्यू दाबून नवीन बनवा. नाव द्या 'पूर्ण पत्ता', प्रकार निवडा फाइल नेम. खाली दोन चौकोन दिसतील: एक संपूर्ण फोल्डर पाथ घेण्याचा, दुसरा फाइलचं एक्स्टेन्शन घेण्याचा. दोन्हींत खूण करा. 'टेक्स्ट बिफोर' या रकान्यात 'फाइल: ' असं लिहिलं तर ते नावाच्या आधी आपोआप येतं.

५. कर्सर फ्रेममध्ये ठेवून टाइप > टेक्स्ट व्हेरिएबल्स > इन्सर्ट व्हेरिएबल > पूर्ण पत्ता. त्यापुढे एक जागा सोडून मॉडिफिकेशन डेट हेही घाला, म्हणजे शेवटचं सेव्ह कधी झालं ते शेजारीच दिसेल.

६. एखाद्या साध्या पानावर जाऊन पट्टी तिथे उमटली आहे ना ते बघा. मग फाइल दुसऱ्या नावाने सेव्ह करून बघा. पट्टीवरचं नाव बदललं पाहिजे.

फाइल अजून एकदाही सेव्ह केली नसेल तर पत्ता आणि एक्स्टेन्शन दिसणार नाही, अनटायटल्ड एवढंच दिसेल. त्यात बिघाड काही नाही. पट्टी मुळीच दिसत नसेल तर बहुधा प्रिव्ह्यू चालू आहे. कर्सर मजकुरात नसताना डब्ल्यू दाबा आणि नॉर्मलवर या, किंवा टूलबॉक्सच्या तळाशी स्लग हा दृश्य-प्रकार निवडा.

पत्ता खूप लांब असेल तर अनेक आवृत्त्यांमध्ये तो दुसऱ्या ओळीवर न जाता एकाच ओळीत चेपला जातो, कारण इनडिझाइन संपूर्ण व्हेरिएबलला एका अक्षरासारखं वागवतं. ६ पॉइंटचा टाइप ठेवा, फ्रेम रुंद ठेवा. तरीही बसत नसेल तर फोल्डरांची उतरंड कमी करण्याची वेळ आली आहे असं समजा.

गुलाबी चौकोन दिसले तर फाँटचा प्रश्न आहे. फाइलचं किंवा फोल्डरचं नाव देवनागरीत आहे आणि फ्रेमला रोमन फाँट लावलेला आहे. युनिकोड देवनागरी फाँट लावा आणि परिच्छेदाला अॅडोबी वर्ल्ड-रेडी कम्पोझर निवडा, म्हणजे वेलांट्या आणि जोडाक्षरं जागेवर येतील. जुने, युनिकोड नसलेले मराठी फाँट इथे चालत नाहीत; फाइल प्रणालीतून येणारं नाव युनिकोडमध्ये असतं आणि त्या फाँटांना ते वाचताच येत नाही.

हे व्हेरिएबल प्रत्येक नव्या फाइलीत आपोआप मिळावं असं वाटत असेल तर सगळ्या फाइली बंद करून, एकही डॉक्युमेंट उघडं नसताना, चौथी पायरी पुन्हा करा. स्लगची पट्टी आणि फ्रेमसुद्धा तयार हवी असेल तर फाइल आयएनडीटी म्हणजे टेम्प्लेट म्हणून सेव्ह करा. टेम्प्लेट नेहमी अनटायटल्ड म्हणून उघडतं, त्यामुळे मूळ साचा चुकून बदलण्याची भीती कमी.

छापील प्रुफावर हे नाव हवं असेल तर प्रिंटच्या किंवा पीडीएफ एक्स्पोर्टच्या चौकटीत मार्क्स अँड ब्लीडमध्ये इन्क्लूड स्लग एरियावर खूण करा. एवढा उद्योग नको असेल तर त्याच ठिकाणी पेज इन्फर्मेशन हा तयार पर्याय आहे. तो फाइलचं नाव, पान क्रमांक, तारीख-वेळ आणि रंगविलगाचं (छपाईसाठी वेगळ्या काढलेल्या रंगाचं) नाव कागदाच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात छापतो. त्यासाठी कागदावर साधारण १३ मिमी जागा मोकळी लागते. फोल्डरचा पत्ता मात्र त्यात येत नाही. अंतिम छपाईसाठी पीडीएफ देताना स्लग बंद करायला विसरू नका. तुमच्या संगणकावरच्या फोल्डरांची नावं जगाला कळायची गरज नसते.

लिंक्स पॅनेलमध्ये फोल्डर

चित्रांच्या बाबतीत हाच गोंधळ दुसऱ्या रूपात येतो: तीन फोल्डरांत तीन वेगवेगळी चित्रं, नाव सगळ्यांचं '०१'. लिंक्स पॅनेलच्या मेनूत पॅनेल ऑप्शन्स उघडा आणि फोल्डर ० या ओळीत 'शो कॉलम'ची खूण करा. फोल्डर ० म्हणजे ज्या फोल्डरात चित्र आहे तो, फोल्डर १ म्हणजे त्याच्या वरचा, आणि असंच वर. बहुतेक वेळा शून्यावरच काम भागतं.

पीडीएफच्या खिडकीवर काय दिसेल

आता दुर्लक्षित भागाकडे. तुम्ही बनवलेली पीडीएफ वाचक उघडतो तेव्हा त्याच्या खिडकीच्या माथ्यावर एक तर फाइलचं नाव दिसतं किंवा डॉक्युमेंटचं शीर्षक. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फाइलचं नाव डिस्कवर असतं, ते कुणीही बदलू शकतं. शीर्षक पीडीएफच्या आत लिहिलेलं असतं आणि फाइलबरोबर प्रवास करतं. टॅबवर आपला शब्द चालत नाही, इथे पूर्ण चालतो.

कोणतं दाखवायचं ते ठरवणारी एक खूण पीडीएफच्या आत असते. ही सोय पीडीएफ १.४ पासून आहे आणि काही न सांगितल्यास ती बंद मानली जाते, म्हणजे फाइलचं नाव दिसतं. दृष्टिहीन वाचकांसाठीच्या पीडीएफ/यूए मानकात मात्र शीर्षक दाखवणं सक्तीचं आहे, आणि त्याला ठोस कारण आहे. स्क्रीन रीडर फाइल उघडताच खिडकीचं नाव वाचून दाखवतो. 'अंक अधोरेषा शून्य तीन अधोरेषा वेब अधोरेषा दु चार' हे ऐकून कुणाला काय कळणार?

इनडिझाइनमध्ये हे असं करायचं. फाइल > फाइल इन्फो उघडा, बेसिक भागातल्या डॉक्युमेंट टायटलमध्ये शीर्षक लिहा. माणसाने वाचायचं असतं तसं लिहा, अधोरेषा आणि आवृत्तीचे आकडे नकोत. मग पीडीएफ एक्स्पोर्ट करताना अॅडव्हान्स्ड भागात डिस्प्ले टायटल असा पर्याय दिसेल. त्यात फाइल नेमऐवजी डॉक्युमेंट टायटल निवडा. शेजारीच भाषा निवडायची जागा असते, तीही भरून टाका.

शीर्षक टाइप करताना युनिकोड कळफलक वापरा, इनस्क्रिप्ट किंवा तुमच्या सवयीचा दुसरा कुठलाही. या रकान्याला फाँट लावता येत नाही. जुन्या फाँटाच्या कळफलकाने टाइप केलं तर तिथे इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी पडते, आणि वाचकाच्या खिडकीवर तीच दिसते.

पीडीएफ आधीच तयार असेल तर अॅक्रोबॅटच्या सशुल्क आवृत्तीत ती उघडून कंट्रोल-डी दाबा, मॅकवर कमांड-डी. डिस्क्रिप्शन टॅबमध्ये टायटल भरा. मग इनिशियल व्ह्यू टॅबवर जा, विंडो ऑप्शन्समध्ये शो या यादीत डॉक्युमेंट टायटल निवडा, सेव्ह करा. बदल लगेच दिसत नाही. फाइल बंद करून पुन्हा उघडा.

ब्राउझरमध्ये उघडल्या जाणाऱ्या पीडीएफच्या बाबतीत तर शीर्षक आणखी महत्त्वाचं. आत शीर्षक लिहिलेलं असेल तर क्रोमसारखे ब्राउझर टॅबवर तेच दाखवतात. म्हणून कधी कधी एखाद्या देखण्या अहवालाच्या टॅबवर 'मायक्रोसॉफ्ट वर्ड - नवा मसुदा २' असं काहीतरी झळकतं. वर्डमधून प्रिंटच्या वाटेने पीडीएफ काढली की मूळ फाइलचं नाव शीर्षकाच्या रकान्यात जाऊन बसतं आणि नंतर फाइलचं नाव कितीही बदललं तरी ते तिथून हलत नाही.

नियतकालिकाचं काम करणाऱ्यांनी याच ठिकाणी सावध राहायचं. मागच्या अंकाची फाइल सेव्ह अॅज करून नवा अंक सुरू करण्याची पद्धत सगळीकडे आहे, आणि फाइल इन्फोमधली माहिती त्या सेव्ह अॅजबरोबर जशीच्या तशी येते. मुखपृष्ठावर नवा अंक, खिडकीवर जुना. पानं सगळी तपासली जातात, खिडकीच्या माथ्याकडे कुणी बघत नाही. म्हणून नव्या अंकाची फाइल सेव्ह केल्या केल्या, एकही पान न हलवता, फाइल इन्फो उघडून शीर्षक बदलायचं.

इतर कार्यक्रमांत

स्क्रायबस या मांडणीच्याच दुसऱ्या कार्यक्रमात उलटी परिस्थिती आहे. तिथे सेव्ह केलेल्या फाइलचा संपूर्ण पत्ता आपणहून खिडकीच्या नावात येतो आणि चांदणी शेवटी लागते. नव्या फाइलीला डॉक्युमेंट-१ असं नाव मिळतं. पत्ता लांबला की चांदणी पडद्याबाहेर जाते, एवढंच जपायचं.

फ्रेममेकर या मोठ्या दस्तऐवजांच्या कार्यक्रमात बुक खिडकीत वर दोन बटणं असतात: एकाने फाइलींची नावं दिसतात, दुसऱ्याने त्यांच्या जागी प्रकरणांची शीर्षकं. प्रकरणं जुळवताना शीर्षकं, फाइली शोधताना नावं, असं अदलाबदल करत काम करा.

लिबरऑफिस रायटरमध्ये इन्सर्ट > फील्ड > मोअर फील्ड्स उघडून डॉक्युमेंट टॅबवर फाइल नेम निवडलं की चार प्रकार मिळतात: फक्त नाव, एक्स्टेन्शनशिवाय नाव, फक्त पत्ता, आणि पत्त्यासकट नाव. ते पानाच्या तळाच्या पट्टीत (फूटरमध्ये) टाकून द्या. वर्डमध्ये खिडकीच्या माथ्याजवळच पत्ता दाखवता येतो. क्विक अॅक्सेस टूलबारवर उजवं क्लिक करून कस्टमाइझ निवडा, 'ऑल कमांड्स'च्या यादीतून डॉक्युमेंट लोकेशन शोधा आणि जोडा. मजकुराची मूळ फाइल वर्डमध्ये आणि मांडणी इनडिझाइनमध्ये असेल तर हे जोडून ठेवा, म्हणजे दुरुस्तीचा मजकूर कुठल्या फोल्डरातून उचलला ते मांडणी करताना तपासता येईल.